कापलेल्या ओळी

बायको गेली त्याच्या चार दिवस आधी, दुपारच्या वेळी, इस्पितळाच्या खाटेवर उशीला टेकून बसलेली असताना म्हणाली, "अहो, मीही एकदा तुमच्या सदरात लिहिलं होतं."

उपसंपादक संत्रं सोलत होते. "कुठल्या सदरात?"

"तुमचं एकच तर सदर होतं."

"कधी?"

"शोधा आता. नाहीतरी रिकामेच असणार आहात." एवढं बोलून ती हसली, हसता हसता खोकला आला, नर्स आली आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या चार दिवसांत विचारायला सवड होती. उपसंपादकांनी विचारलं नाही. घरी गेल्यावर विचारू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

तिच्या निधनाची बातमी त्यांनी स्वतःच लिहिली आणि दैनिकाच्या कचेरीत नेऊन दिली. खिडकीतल्या कारकुनाने ती वाचली, पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. "बरं लिहिलंय. लोक पानभर आणतात, मग आमच्या नशिबी कापाकापी."

"माझा धंदाच होता तो," उपसंपादक म्हणाले.

होताच. एका मासिकात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली आणि त्यातली अकरा वर्षं शेवटच्या पानावरचं एक सदर सांभाळलं. सदराचं नाव 'राहिलेलं'. वाचकांनी आपली एखादी राहून गेलेली इच्छा आणि तिच्याबद्दलचा खेद लिहून पाठवायचा. महिन्याला चार पत्रं छापली जात, प्रत्येक पत्र सहा ओळींचं. पाचशे अठ्ठावीस पत्रं झाली आणि मग मासिक बंद पडलं.

आता लोक काही सहा ओळी लिहून पाठवत नसत. पाच पानं येत, दोन्ही बाजूंनी, समासातही आडवं लिहिलेलं. एकाने तर भावाने जागेचा तुकडा कसा बळकावला ते नकाशा काढून पाठवलं होतं. उपसंपादक ते सगळं मान खाली घालून वाचत आणि कापत. नावं कापायची. गावं कापायची. शिव्या, शाप, रडणं, देवाला घातलेली बोलणी, सगळं कापायचं. उरलेल्याला एक ठरीव बांधा द्यायचा. सुरुवात 'माझी एक इच्छा होती' अशी आणि शेवट 'खेद वाटतो' असा. संपादकांचा दंडक होता की इच्छा असेल तर खेद हवाच. नुसती इच्छा ही जाहिरात आणि नुसता खेद ही रड. सही म्हणून 'एक वाचक' किंवा 'एक गृहिणी'. वर दोन शब्दांचा मथळा. कचेरीत उपसंपादकांना सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्यांना ते आवडे.

काम उरलं की ते घरी आणत. जेवणाच्या टेबलावर बसून बोटांवर शब्द मोजत. एका ओळीत नऊ-दहा शब्द, सहा ओळींत साठ म्हणजे डोक्यावरून पाणी. बायको समोर शेंगा सोलत बसलेली असे. कधी ते मोजताना चुकले तर मान वर न करता म्हणे, "अठ्ठावन्न." तेवढाच तिचा त्या कामाशी संबंध, असं ते धरून चालले होते.

आणि आता ती म्हणते, मीही लिहिलं होतं.

शोधायचं तरी कशात? मासिक बंद पडलं तेव्हा अंक कुठे गेले कोण जाणे. घरात एकही नव्हता. उपसंपादकांना स्वतःचं छापलेलं जपून ठेवण्याची सवय नव्हती. त्यांचं असं काही छापलेलंच नव्हतं. दोन महिने ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. मग एके सकाळी फोन वाजला.

फोन करणाऱ्या बाई एका महाविद्यालयात शिकवत होत्या. जुन्या नियतकालिकांत लोक इच्छा आणि खेद कसे व्यक्त करत, यावर त्या प्रबंध लिहीत होत्या. 'राहिलेलं' हे सदर त्यांच्या प्रबंधाचा कणा होता. तुम्ही भेटाल का सर, असं त्यांनी विचारलं.

"भेटतो. पण सर म्हणू नका, मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. अंक आहेत तुमच्याकडे?"

"सगळे. एकशे बत्तीस."

उपसंपादक त्याच दिवशी गेले.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं होती आणि मधे एक लांब टेबल. टेबलावर अकरा बांधीव खंड ओळीने मांडले होते. प्राध्यापिकाबाई चाळिशीच्या, केस आखूड कापलेले, बोटाला शाई. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बसायच्या आतच बोलायला लागल्या.

"काका, माझा मुद्दा सांगते. या पाचशे पत्रांत एकही माणूस ओरडत नाही. भाऊ दुरावला, मूल गेलं, नोकरी गेली, लग्न मोडलं, पण सगळे म्हणतात, थोडी कटुता राहिली, थोडं वाईट वाटलं. 'थोडं' हा शब्द मी मोजला. तीनशे बारा वेळा आलाय."

"तीनशे बारा?"

"हो. त्या पिढीचा संयमच वेगळा होता. आज कोण असं लिहील?"

उपसंपादकांनी खंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा वेळा 'थोडं' त्यांनी घातलं होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाई इतक्या कौतुकाने बोलत होत्या की ते कौतुक चुकून दुसऱ्यांचं होतंय हे कळूनही त्यांना ते आपलंच म्हणून बरं वाटत होतं. शिवाय त्यांना अंक हवे होते.

"मला सगळी पत्रं वाचायचीत," ते म्हणाले. "माझ्या बायकोचं एक आहे त्यात."

"कुठलं?"

"तेच शोधायचंय."

दोन दिवसांत झेरॉक्सचा गठ्ठा घरी आला.

उपसंपादक रोज सकाळी चहा झाला की टेबलाशी बसत. तिचं पत्र डोळ्यासमोर आलं की ओळखू येईल, याची त्यांना खात्री होती. चौतीस वर्षांचा संसार. ती कशी बोलते, कुठे थांबते, कशाला नाक मुरडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ती रागावली की 'म्हणे' लावून बोले. कुणी फार शहाणपणा केला की 'असेल बाई' म्हणून मोकळी होई. तसलं काहीतरी सापडेलच.

पहिली शंभर पत्रं वाचून झाली. एकातही 'म्हणे' नव्हतं. दोनशे झाली. 'असेल बाई' नव्हतं. माझी एक इच्छा होती की भावाच्या मुलीच्या लग्नाला जावे. माझी एक इच्छा होती की पोहायला शिकावे. माझी एक इच्छा होती की वडिलांना एकदा उलट उत्तर द्यावे. त्याचा खेद वाटतो. थोडा खेद वाटतो. एका शिंप्याच्या बायकोचं पत्र होतं, एका पोस्टमनचं, एका आंधळ्या बाईने सांगून लिहून घेतलेलं. सगळी माणसं एकाच आवाजात बोलत होती. नवव्या दिवशी गठ्ठा संपला तेव्हा उपसंपादकांच्या लक्षात आलं, की तो आवाज त्यांचा होता. यातलं कुठलंही पत्र तिचं असू शकत होतं. तिचं जे काही ओळखू येण्यासारखं होतं, ते कापायला तर त्यांना पगार मिळत होता.

गठ्ठा त्यांनी दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्यांदाही तेच.

रविवारी मेव्हणी आली. ती बायकोची धाकटी बहीण. बोलायला लागली की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे, पण बहीण गेल्यापासून दर रविवारी न चुकता येई, डबा ठेवी आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना नावं ठेवून जाई.

"हे काय भावोजी, परीक्षेला बसलात की काय?"

उपसंपादकांनी तिला सांगितलं.

"ते होय. पाकीट मीच चिकटवलं होतं की."

उपसंपादक खुर्चीतून अर्धे उठले. "तू?"

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई पंधरा दिवस माझ्याकडे होती ना. दुपारभर बसून लिहायची आणि खोडायची. मोजायची काय, पुटपुटायची काय. मी म्हटलं, अगं प्रेमपत्र आहे का? तर म्हणाली, त्याहून अवघड आहे. मग पाकिटावर माझ्याकडून पत्ता घालून घेतला. म्हणाली, माझं अक्षर ओळखतील. आतलं पत्र शेजारच्या मुलीकडून उतरवून घेतलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत?"

"वाचलं नाहीस?"

"भावोजी, दुसऱ्यांची पत्रं वाचायचं खातं तुमचं. मी पाकीट चिकटवते."

"ऑपरेशन कुठल्या वर्षी झालं?"

यावर मेव्हणीने बराच विचार केला. मोठ्या मुलाच्या दहावीचं वर्ष, नाहीतर त्याच्या आधीचं. म्हणजे दोन वर्षं, चोवीस अंक, शहाण्णव पत्रं. उपसंपादकांनी तेवढी वेगळी काढली. त्यांत गृहिणींची पन्नासेक. पन्नास बायका, सगळ्यांना थोडा थोडा खेद.

सोमवारी ते ग्रंथालयात गेले. आता लपवून ठेवण्यात काही मतलब उरला नव्हता.

"बाई, तुमच्या मुद्द्याबद्दल बोलायचंय. ती माणसं ओरडत होती. चांगली ओरडत होती. मी त्यांना गप्प करत होतो."

"म्हणजे?"

"तुमचं ते 'थोडं' माझं आहे. 'कटुता' माझी. एकाने लिहिलं होतं, भाऊ मेला तरी मी त्याच्या दारात थुंकायलासुद्धा जाणार नाही. त्याचं मी केलं, 'थोडी कटुता राहिली.'"

प्राध्यापिकाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "सगळीच पत्रं?"

"सगळीच."

"मग माझ्या प्रबंधात पाचशे अठ्ठावीस माणसं नाहीत. एकच माणूस आहे."

"हो. आणि तोही काही फार बोलका नव्हता."

बाई हसल्या नाहीत. चार वर्षांचं काम होतं त्यांचं. उपसंपादकांना आपण एखाद्याच्या रचलेल्या भांड्यांना धक्का मारल्यासारखं वाटलं. उठावं की बसावं, ते कळेना.

मग बाईंनीच विचारलं, "मूळ पत्रं?"

"दर महिन्याला रद्दीत."

"कुणाचं किती कापलं, याची काही नोंद? सगळ्यात कमी कापलेली दहा-वीस पत्रं जरी कळली, तरी निदान तेवढी त्यांची म्हणता येतील. मला त्यावर एक प्रकरण करता येईल."

नोंद होती. पान जुळवताना सोपं पडावं म्हणून उपसंपादक एका वहीत लिहून ठेवत: मथळा, छापील ओळींच्या मापाने किती ओळी आल्या, किती कापल्या. पत्रातला मजकूर त्यात काहीच नसे, म्हणून स्वतःच्या शोधात त्यांना त्या वह्या आठवल्याही नव्हत्या. आता बाईंचं नुकसान थोडंफार भरून निघेल म्हणून आठवल्या.

वह्या माळ्यावर होत्या. त्यांनी टाकून दिल्या असत्या, पण बायकोने नाडीने बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या खाली काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि बाईंसाठी यादी करायला घेतली. भावाचं लग्नघर: आल्या चाळीस, कापल्या चौतीस. पोहणं: बावीस, सोळा. आंधळ्या बाईचं: अठरा, बारा. आतापर्यंत सगळ्यात कमी कापलेलं म्हणजे चार ओळी, ते पोस्टमनचं; बिचाऱ्याला दहाच ओळी सुचल्या होत्या. पान उलटत उलटत ते मेव्हणीच्या ऑपरेशनच्या सुमाराला आले.

'दारातून परत. आल्या सहा. कापल्या शून्य.'

त्यांना आधी वाटलं, नोंदीत चूक झाली असेल. पाचशे अठ्ठावीस पत्रांत दुसरं शून्य नव्हतंच कुठे. सहा ओळींचा अंदाज कुणीही वाचक बांधू शकला असता; पण शब्द मोजून सहा ओळी, नाव नाही, गाव नाही, सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, कात्रीला बोट घालायलासुद्धा फट नाही? असं लिहायला सदर नुसतं वाचून भागलं नसतं. ते टेबलावर कापलं जाताना समोर बसून पाहिलेलं असायला हवं.

उपसंपादकांनी गठ्ठ्यातून तो कागद काढला. दोनदा वाचून बाजूला ठेवलेलं पत्र होतं ते, शिंप्याच्या बायकोचं.

'माझी एक इच्छा होती, की यजमान जिथे दिवसभर मान खाली घालून काम करतात ती जागा एकदा पाहावी. विसरलेली वस्तू पोहोचवण्याच्या निमित्ताने एकदा दारापर्यंत गेलेही. ते कामात होते आणि स्वतःशीच हसत होते. घरी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. हाक मारली असती तर हसणे थांबले असते, म्हणून वस्तू दाराशी ठेवून परत आले. आत गेले नाही, याचा थोडा खेद वाटतो. – एक गृहिणी.'

शिंपी यात कुठेच नव्हता. मान खाली घालून काम म्हटल्यावर तो त्यांनीच आणला होता, आणि आणला तो कायमचाच. पत्र आलं त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं. आज एका शिंप्याच्या बायकोचं पत्र आलं, म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लिहायला शिकून आलंय. एक शब्द कापावा लागला नाही.

ती नुकतीच बहिणीकडून परतली होती. "शिंप्याचीच कशावरून?" तिने विचारलं होतं.

त्यावर त्यांनी तिला शिंपी कसा बसतो, त्याची मान कशी असते, दुकानाचं दार रस्त्याकडे का असतं, हे सगळं समजावून सांगितलं होतं. चांगली दहा मिनिटं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई."

वस्तू कुठली, हेही आता सांगायला नको होतं. चष्मा. घरात जोडे घालताना कोनाड्यात ठेवला होता तो. त्या दिवशी त्यांनी कचेरीत दोन तास कागद नाकाशी धरून काम केलं होतं, मग शिपायाने चष्म्याचं घर आणून दिलं, रबर लावलेलं. "दाराजवळच्या स्टुलावर होतं साहेब." येताना आपल्याच पिशवीतून पडलं असेल आणि कुणीतरी उचलून ठेवलं असेल, असं त्यांनी धरलं होतं आणि पुढची चोवीस वर्षं धरूनच ठेवलं होतं.

ज्यावर ते हसत होते ते पत्र मात्र आठवेना. चष्मा विसरला त्या महिन्याची चारही पत्रं त्यांनी काढून पाहिली. एकातही हसण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी त्याच दुपारी कापलं असणार.

यादी पुरी करून त्यांनी ती बाईंना नेऊन दिली. पहिल्या क्रमांकावर 'दारातून परत' होतं. बाईंनी पत्र वाचलं, शून्यावर बोट ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "सापडलं वाटतं."

"सापडलं."

"हे मी छापू का?"

"छापा. खाली टीप घाला की यजमान शिंपी नव्हते."

संध्याकाळी त्यांनी मेव्हणीला फोन लावला. चहाचा कप समोर होता.

"सापडलं?" ती म्हणाली. "काय होतं त्यात?"

"तिला कचेरी पाहायची होती," उपसंपादक म्हणाले. "दारापर्यंत आली, पण आत आली नाही." एवढ्यात संपत होतं. त्यांना सवयीने पूर्णविराम दिसला. मग त्यांनी कप बाजूला सरकवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चष्मा कुठला, काड्या कशा सैल झालेल्या, घराला रबर कुणी लावलं. स्टूल कुठे होतं आणि तिथे उभं राहिलं की कुठलं टेबल दिसे. जिन्याला किती पायऱ्या. तिच्या गुडघ्याला त्या वर्षी काय झालं होतं. शिपाई कसा तोतरा बोले. घरी आल्यावर तिने चष्म्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि आपण विचारलं नाही, ते. शिंप्याबद्दल आपण दहा मिनिटं काय काय बोललो, ते. त्यांच्या तोंडून 'म्हणे' निघालं, तिच्यासारखं. कुठलीच ओळ त्यांनी गाळली नाही.

मेव्हणी मधे एकदाही बोलली नाही.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. चहा गार झाला असेल तुमचा."

"झाला."

"मग दुसरा करा," ती म्हणाली. "आणि तुम्ही कशावर हसत होतात ते सांगा. आठवतं तेवढं सांगा. मी थांबते."